कोंबडीच्या बाजूने दोन शब्द

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या, की मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या गल्ल्यांत एक ऋतू सुरू होतो. पंचांगात त्याला नाव नाही. गारव्यावरून ओळखावा म्हटलं तर मुंबईतला गारवा हा दूरच्या नातेवाइकासारखा, येतो म्हणतो आणि येत नाही. पण समोरच्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून एकाच गाण्याचा एकच तुकडा बाहेर पडायला लागला की समजावं, गॅदरिंग जवळ आलं. पूर्ण गाणं कधीच ऐकू येत नाही. अर्धं मिनिट वाजतं, थांबतं, 'मागची ओळ, हात वर! अरे, तुझा दुसरा हात कुठाय?' असा आवाज येतो, आणि तोच तुकडा पुन्हा सुरू. आसपासच्या इमारतींतल्या निवृत्त माणसांना तो जपासारखा पाठ होतो. मी त्यांच्यातलाच. गेल्या काही वर्षांतल्या लोकप्रिय गाण्यांचे मधले तुकडे मला बिनचूक येतात. त्यांचा आरंभ आणि शेवट यांच्याशी माझी ओळख नाही. आयुष्यातल्या पुष्कळ माणसांशी माझा परिचय साधारण असाच आहे, तेव्हा तक्रार नाही.

या ऋतूत गाण्याच्या मागोमाग, पावसाच्या मागोमाग अळंबी यावीत तसे, आक्षेप उगवतात. गाणं ठरल्याची चिठ्ठी डायरीतून घरी येते आणि बहुधा त्याच रात्री, जेवणं आटोपून भांडी विसळून झाल्यावर, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर पहिला संदेश पडतो. त्याची सुरुवात ठरलेली: 'आमचा कोणालाही विरोध नाही, परंतु.' त्या 'परंतु'नंतर मजकूर इतका लांब असतो की खाली 'पुढे वाचा' असं येतं. मग अंगठे उमटतात. काही जण हात जोडलेलं चित्र पाठवतात; ते संमतीचं, की 'आता झोपू द्या' असं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मुलगी आणि जावई त्या वेळी लोकलमध्ये लोंबकळत असल्यामुळे नातीच्या पालकसभेला पालक म्हणून मी जातो. तिसरीच्या बाकावर गुडघे मावत नाहीत. ते कडेला काढून, घोड्यावर एका अंगानं बसल्यासारखं बसावं लागतं. या सभेला कायद्यानं मोठं वजन दिलेलं आहे, हे मला तिथेच कळलं. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असायलाच हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीवर कोण जाणार हे चिठ्ठ्या काढून ठरवायचं. शाळेच्या फीवर पालकांनी जागरूकपणे बोलावं, असा त्यामागचा विचार. आमच्या सभेत फीचा विषय चहा येण्याआधी संपला. गाणं मात्र चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत चाललं.

थीम होती 'आपला महाराष्ट्र' आणि तिसरीच्या वाट्याला आलं होतं 'कोंबडी पळाली'. 'जत्रा' चित्रपटातलं, अजय-अतुलचं. बाहेर वरातीत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत ते लागलं तर ज्यांचे खांदे आपोआप हलतात, अशी निदान वीस माणसं त्या वर्गात बसली होती. पण वर्गातल्या फळ्यासमोर माणसाचे खांदे ताठ होतात. एक बाबा गाण्याचे शब्द छापून घेऊनच आले होते. एकेका ओळीखाली लाल रेघ होती. ते चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक ओळ अशा सुरात वाचत होते, की मालमत्तेच्या खरेदीखतातली कलमं वाटावीत, आणि प्रत्येक ओळीनंतर विचारत होते, 'टीचर, याचा अर्थ काय घ्यायचा?' टीचर बिचाऱ्या दिवसभर तीसचा पाढा घेऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, 'सर, आम्ही याच्यावर फक्त उड्या घेतोय.' मग दुसऱ्या एकांनी सुचवलं की सगळ्यांना मराठी कुठे समजतं, त्यापेक्षा हिंदी घ्या. त्यांना ठाऊक नसावं, की हीच चाल पुढे 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन गेली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि छताचा पंखा न्याहाळायला सुरुवात केली.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एक भाभी हळूच म्हणाल्या, 'टीचर, मला दुसरं काही नाही. पण त्या कोंबडीला कापायलाच पकडत असतील ना?' आमच्या भागात जैन घरं पुष्कळ. प्रश्न अगदी मनापासून आलेला होता. वर्गात कोणी हसलं नाही. टीचर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'पण भाभी, पळाली ना ती. वाचली.' भाभींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या गाण्यावर इतकी वर्षं नाचलेल्या महाराष्ट्रात कोंबडीच्या बाजूनं विचार करणारं पहिलं माणूस मी त्या दिवशी पाहिलं. समीक्षेचा याहून शुद्ध नमुना माझ्या वाचनात नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कोणतंही निर्मळ गाणं दिसलं की ते आलं कुठून, हे मी बघतो. आपल्याकडे शाळाशाळांतून डोळे मिटून जी प्रार्थना म्हटली जाते, ती 'इतनी शक्ति हमें देना दाता' आली 'अंकुश'मधून. १९८६ चा, एन. चंद्रांचा चित्रपट. मुंबईतली चार बेकार पोरं, एका मुलीवर झालेला अत्याचार, त्याचा सूड, खून, आणि शेवटी फाशी. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आलं व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'मधून. ते बारा हात सहा खुन्यांचे. म्हणजे उपनगरातल्या इस्त्रीच्या गणवेशातली, डबा-बाटली घेतलेली हजारो मुलं सकाळी सात वाजता हात जोडून उभी राहतात, ती बहुतांशी गुन्हेगारांच्या रांगेत. यावर आजवर एकाही ग्रूपवर 'परंतु' पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. 'नाच रे मोरा'चं तसंच. मोरपिसं लावून बालवाडीनं त्याच्यावर गिरक्या घेतल्याशिवाय मराठी गॅदरिंग पुरं होत नाही, पण तेही १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलंच. शब्द गदिमांचे आणि चाल, पार्ल्याच्या टिळक विद्यालयात शिकलेल्या पु. ल. देशपांडे यांची. सिनेमाचं गाणं शाळेत नको म्हणणाऱ्यांनी पहिल्यांदा तो मोर बाहेर काढायला हवा.

माझे आजोबा या बाबतीत फार कडक होते. घाटकोपरच्या चाळीत आमच्या खोलीत रेडिओ होता आणि त्याचा काटा आजोबांच्या हुकमात. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे त्यांचं दैवत. केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. देशाच्या कानावर चित्रपटगीतांनी वाईट संस्कार होतात, असं त्यांचं ठाम मत, आणि त्यांनी आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपारच केली. साऱ्या देशाचा एकच वर्ग आणि केसकर त्याचे वर्गशिक्षक. वर्गानं व्हायचं तेच केलं: काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' १९५२ मध्येच सुरू झाली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला 'विविध भारती' काढून आपल्याच पळालेल्या श्रोत्यांना परत बोलवावं लागलं. आजोबांना हे सगळं नापसंत. बुधवारी रात्री शेजारच्या खोलीतून गीतमाला भिंतीतून झिरपायला लागली की ते मोठ्यानं रामरक्षा म्हणत. पहाटे मात्र अंघोळ करता करता 'घनश्याम सुंदरा' गुणगुणत. ते त्यांना वेदांइतकं जुनं वाटे. ते शांतारामांच्या 'अमर भूपाळी'तलं, वसंत देसाईंच्या चालीचं, आणि मूळ शब्द होनाजी बाळाचे, म्हणजे लावण्यांसाठी नावाजलेल्या शाहिराचे, हे त्यांना सांगण्याची छाती घरात कोणालाच नव्हती. मला तर ते आजोबांच्या पश्चातच कळलं. तांब्यातलं पाणी खांद्यावर पडताना त्यांचा 'श्रीधरा'वरचा तो थरथरता स्वर आठवतो आणि वाटतं, बरं झालं, कोणी सांगितलं नाही.

लावणीचं नाव निघालं तर गवळणीचंही काढू. कोणत्याही शाळेत गवळणीला ना नसते. मथुरेच्या वाटेवर बायकांना अडवायचं, मडकी फोडायची, पदर ओढायचा, हे सारं सात वर्षांच्या कृष्णानं सात वर्षांच्या गोपींशी करायचं आणि पहिल्या रांगेतल्या आज्यांनी डोळे टिपायचे. मला गवळण आवडते. तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, परंतु.

छापील शब्दांवर लाल रेघा मारून आलेल्या त्या बाबांचं वय मी मनात मोजलं. १९९३ साली, 'खलनायक'मधल्या चोळीच्या गाण्यावरून दिल्लीत एक वकील कोर्टात गेले होते तेव्हा, हे गृहस्थ पाचवी-सहावीत असणार. पुढच्याच वर्षी 'खुद्दार'मधल्या एका गाण्यात एका इंग्रजी विशेषणावरून इतका गदारोळ झाला, की त्या जागी 'बेबी' भरून गाणं नव्यानं वाजवायला लागलं. त्या दोन वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक गणपतीपुढे हीच पिढी हाफ पँटीत नाचत होती. कोवळ्या मनावर त्याचा परिणाम काय झाला म्हणाल, तर हे गृहस्थ आता बँकेत कर्ज विभागात आहेत आणि कोवळ्या मनांवर होणाऱ्या परिणामांची काळजी करतात.

थट्टा पुरे. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असंही नाही. दूधदात पडायचे राहिलेल्या मुलींना लिपस्टिक फासून कमरेला झटके द्यायला लावणारी नृत्यं मीही पाहिली आहेत, आणि पाहताना मला हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घालावी, उलगडावी, पुन्हा घालावी असं होतं. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धांत मुलांना असं दाखवू नका, असं केंद्र सरकारलाही २०१९ मध्ये वाहिन्यांना कळवावं लागलं होतं. आणि कधीकधी हा मामला नाचाचाही राहत नाही. २०२३ च्या जूनमध्ये कांदिवलीच्या एका शाळेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी अजान वाजली. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनांची मुलांना ओळख व्हावी म्हणून, असं शाळेचं म्हणणं. पालक जमले, राजकीय पक्ष जमले, पोलीस आले, एका शिक्षिकेचं निलंबन झालं. ते आठवलं तेव्हा समोरच्या शाळेतल्या टीचरचं 'हात वर' मी जरा वेगळ्या कानानं ऐकलं. मुलांना गाणं निवडून देणं हे बऱ्यापैकी धाडसाचं काम आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या सभेत शेवटी तह झाला. गाणं तेच, पण दोन ठिकाणचे शब्द कापायचे आणि तिथे ढोलाचे ठोके भरायचे. लाल रेघांचे बाबा समाधानानं चष्मा पुसायला लागले.

त्या रात्री ग्रूपवर एका आईचा लांबलचक संदेश आला. आपली संस्कृती, आपले संत, मुलांपुढचे आदर्श. शेवटी एक ओळ: 'शिवाय माझ्या मुलाला शेवटच्या ओळीत का ठेवलं आहे, हे कळलं तर बरं होईल.' दुसऱ्या दिवशी टीचरनी त्या मुलाला दुसऱ्या ओळीत घेतलं आणि संस्कृतीचा प्रश्न मिटला. मी हे घरी हसत हसत सांगितलं. मुलगी हसली नाही. म्हणाली, 'बाबा, त्या चर्चगेटला असतात. साडेनऊला घरी पोचतात. पोरगा झोपलेला असतो.' मग ती गप्प राहून डबा घासत बसली. मला त्या संदेशातले संत एकदम निराळे दिसायला लागले. वर्षभर जो मुलगा आपल्याला झोपलेलाच दिसतो, तो तीन मिनिटं जागा, रंगवलेला, उजेडात असणार, आणि त्याच्यापुढे नेमका कोणाचा तरी फेटा येणार! कोणीही तुकारामाला मदतीला बोलावील.

मुलांचं या सगळ्यात काय चाललं होतं, ते मी घरच्या घरी पाहत होतो. नात बैठकीच्या खोलीत सराव करायची. फ्रिज म्हणजे प्रेक्षक, चपलांचं कपाट म्हणजे विंग. ओठ हलत असत. मला वाटे, गाणं म्हणतेय. जवळ जाऊन कान दिला तर, 'पाच, सहा, सात, आठ, वळ. पाच, सहा, सात, आठ, बस.' ज्या शब्दांवरून दीड तास सभा झाली त्यांतला एकही तिच्या तोंडी नव्हता. तिला विचारलं, 'अगं, गाणं कशाबद्दल आहे?' ती म्हणाली, 'आठ वेळा कोंबडी, मग गोल.' तिच्या दृष्टीनं त्यात काही गूढ नव्हतं.

ड्रेपरीवाल्याकडून कपडे आले. डांबरगोळीचा वास, पाठीला सेफ्टी पिनांची रांग, आणि परकराच्या नेफ्यात बॉलपेननं लिहिलेलं दुसऱ्याच कुठल्या शाळेतल्या चौथी 'ब'चं नाव. तो परकर याआधी कशाकशावर नाचला असेल, कोणास ठाऊक. डिपॉझिट मात्र भक्तिगीतालाही तेवढंच आणि कोंबडीलाही तेवढंच.

कार्यक्रम मुलुंडच्या महाकवी कालिदास नाट्यगृहात होता. नाव पाहून मला हसू आलं. त्या कवीनं 'कुमारसंभवा'त शिवपार्वतीचा शृंगार रंगवला. जगाच्या आईबापांचं असलं वर्णन करणं हे आपल्याच आईबापांचं केल्यासारखं अनुचित, असा ठपका पुढे मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त ठेवला. म्हणजे ज्याच्या नावाच्या छपराखाली आम्ही बसलो होतो, त्याच्याही गाण्याला पालकसभेची मंजुरी मिळाली नसती.

पडदा उघडला. तिसरीची मुलं पिवळ्या चिकटपट्टीच्या खुणांवर पाय जुळवून उभी. संगीत सुरू झालं. पहिलं कापलेलं ठिकाण आलं, शब्द गेले, ढोल वाजला. आणि त्या ढोलाच्या पोकळीत खालून, बाल्कनीतून, दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवरून सगळ्या पालकांनी एका आवाजात ते गाळलेले शब्द भरले. कोणी ठरवून नव्हे. वीस वर्षांची सवय. दुसऱ्या ठिकाणी तर आवाज आणखी चढला, आणि माझ्या पुढच्याच रांगेत, मोबाइल उंच धरून, मान डोलावत, सर्वांत खणखणीत आवाज होता लाल रेघांच्या बाबांचा. स्टेजवरची मुलं दचकली. गाळलेल्या जागी काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. माझी नात एक मोजणी चुकली, चपलांच्या कपाटाच्या दिशेला वळायचं ते फ्रिजच्या दिशेला वळली, आणि मी दिसताच नाच थांबवून तिनं मला हात केला. दुसऱ्या ओळीतला तो मुलगा मात्र अचूक नाचत होता. त्याची आई मोबाइल खाली घेऊन नुसती बघत होती.

यंदा टीचरनी धडा घेऊन थीम ठेवली आहे 'भारतीय शास्त्रीय संगीत'. केसकरांच्या आत्म्याला शांती मिळावी अशी. तिसरीतून चौथीत गेलेल्या वर्गासाठी एक छोटा ख्याल निवडला आणि शब्द ग्रूपवर टाकले. अर्ध्या तासात पहिला 'परंतु': बंदिशीत सासू आणि नणंद जागी असल्याची तक्रार आहे, तर मग ही बाई रात्रीची निघाली कुठे? एका आजींनी सासूच्या बाजूनं निषेध नोंदवला. टीचरनी दुसरी बंदिश पाठवली. तिच्यात सवत निघाली. तिसरीत कोणीतरी मनगट धरून बांगडी मोडली होती. काल रात्री टीचरनी दमून लिहिलं, 'आपण तराणा घेऊ. त्यात शब्दच नसतात, फक्त बोल असतात.' पाच मिनिटं सारं शांत. मग बँकेच्या कर्ज विभागातून उत्तर आलं: 'ठीक. पण बोल आधी ग्रूपवर पाठवा, म्हणजे अर्थ तपासता येईल.'

तराण्याच्या बोलांना फारसीत अर्थ आहेत, असं उस्ताद अमीर खाँ यांचं म्हणणं होतं. हे मी ग्रूपवर टाकलेलं नाही.